उघडं लोखंड

मीरासाब शिकलगाराला जगातल्या दोन गोष्टींचा मनापासून संताप यायचा. एक गंज, आणि दुसरी गंज चालवून घेणारी माणसं. गंजाला तो एकवेळ माफ करायचा, कारण गंज बिचारा आपला धर्म पाळतो. पण विळी ओली ठेवून वर "लोखंडच हलकं निघालं बघा" म्हणणाऱ्या बाईला त्याच्याकडे माफी नव्हती. कुणाच्याही घरी गेला की पाणी प्यायच्या आधी त्याचं बोट दाराच्या बिजागरीवरून फिरायचं. बोटाला तांबूस लागलं की संपलं. पोरीच्या लग्नाची आमंत्रणं द्यायला निघालेला हा माणूस अर्ध्या घरांत यजमानाला शिव्या हासडून परत आला होता, आणि ती आमंत्रणं मग बायकोला, जुलेखाला, पुन्हा जाऊन द्यावी लागली होती.

त्याच्या आज्या-पणज्यांनी राजवाड्यावरच्या तलवारींना शिकल केली, म्हणजे घासूनपुसून त्यांना पाणी आणलं, धार लावली. पुढे तलवारी भिंतीवर जाऊन बसल्या आणि मीरासाबाच्या वाट्याला विळ्या, अडकित्ते, न्हाव्यांचे वस्तरे आणि ऊसतोडीचे कोयते आले. त्याचं त्याला काही वाटत नव्हतं. लोखंड ते लोखंड, असं तो म्हणायचा. कोल्हापुरात शनिवार पेठेतल्या एका बोळाच्या तोंडाशी त्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे पायाने फिरवायचं धारेचं चाक, कुरुंदाच्या पुडीचा डबा, विटेची पूड, चिंचेचा गोळा आणि तेलाची पितळी वाटी. मग बाजारात स्टेनलेस आलं, दाढी करून फेकून द्यायची पाती आली, आणि मीरासाबाचं काम जसजसं कमी होत गेलं तसतसा त्याचा आवाज वाढत गेला. कामाचा माणूस रिकामा बसला की शेजाऱ्यांनी सांभाळून राहावं हे खरं.

एक मात्र होतं. मीरासाबाच्या हाताखालून गेलेलं लोखंड वर्षभर गंजत नसे. याचं कारण त्याच्या तेलात होतं. करडईच्या तेलात मेण वितळवून तो ते स्वतः करायचा, आणि काम संपलं की चिंधीला घेऊन असं फिरवायचा की तेल लावलंय हे कुणाला दिसूही नये. "तेल डोळ्याला दिसलं म्हंजे वाया गेलं," असं त्याचा बाप सांगायचा. बापाने आणखी एक गोष्ट सांगून ठेवली होती, "उघडं लोखंड आणि उपाशी पावणा, ह्यास्नी दारातनं तसंच सोडू ने." मीरासाब उभ्या जन्मात या शब्दाला चुकला नव्हता. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, तेलाचा हात फिरल्याशिवाय वस्तू त्याच्या चाकापासून हलायची नाही.

खंडेनवमी हा त्याचा खरा सण. दुसऱ्या दिवशी दसरा, म्हणून आदल्या दिवशी घरोघरचं लोखंड पूजेला बसायचं. तालमीतले, गुऱ्हाळातले, छापखान्यातले, सगळे मीरासाबाला बोलावणं धाडत. त्या दिवशी तो शिव्या जरा कमी देई. लोखंडाचा मान राखणारा एक दिवस तरी या गावात आहे, एवढ्यावर त्याचं समाधान होतं.

अशाच एका खंडेनवमीला त्याच्या हातून जे घडलं त्याची ही गोष्ट. साल शहाऐंशी असावं.

शुक्रवार पेठेत गणपतराव इंगवल्यांचं घर होतं. गुळाची अडत, माणूस नाव राखून असलेला, पण पैशापेक्षा बोलणं जास्त खर्च करणारा. घरात खरी सत्ता त्यांच्या थोरल्या विधवा बहिणीची. तिला सगळी पेठ आक्का म्हणायची. तर या गणपतरावांनी दिल्लीकडे तयार होणारी ती नवी लहान गाडी बुक करून ठेवली होती, आणि वाट बघून बघून केस पिकायला लागल्यावर ती एकदाची पुण्याहून घरी आली. आली ती नेमकी पितृपंधरवडा तोंडावर असताना. आक्कांनी हुकूम काढला, "पितरांच्या दिसात नवी वस्तू वापरायची न्हाय. आता दसऱ्यालाच चाक फिरंल."

चाक फिरेना, पण गाडीला आंघोळ मात्र रोज घडायची. गणपतरावांनी मुरगूडकडचा कृष्णात नावाचा ड्रायव्हर ठेवला होता. पूर्वी तो ट्रकवर होता. बायकोला गावी ठेवून आला होता आणि दसऱ्यानंतर खोली बघून तिला आणायची म्हणत होता. हा भला माणूस सकाळ-संध्याकाळ पाइप लावून गाडी धुवायचा, वरून पुसायचा, चाकांवर तर धबधबा सोडायचा. त्यात परतीचा पाऊस. गाडी अंगणात उभीच.

खंडेनवमीच्या सकाळी आक्का सोप्यात वाती वळत बसल्या होत्या. म्हातारीची नजर घारीची. त्यांनी हाक मारली, "कृष्णात, त्या चाकाच्या भोकातनं आत तांबडं काय दिसतंय रं?"

कृष्णात वाकला, मग गणपतराव बॅटरी घेऊन वाकले. पुढच्या दोन्ही चाकांच्या आत लोखंडाची गोल ताटली होती, आणि ती नव्या कोऱ्या गाडीची ताटली गंजाने तांबूस झाली होती.

गणपतरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी पुण्याच्या शोरूमला ट्रंक कॉल लावला आणि पलीकडच्या माणसाचे वाडवडील काढले. पलीकडचा शांतपणे म्हणाला, "अहो, ती ब्रेकची डिस्क आहे. गाडी उभी राहिली, ओली झाली, की वरवर गंज धरतोच. फिरवा, चार वेळा ब्रेक मारा, आपोआप जाईल." हे ऐकून गणपतराव जास्तच पेटले. फोन आपटून ते अंगणभर फिरायला लागले.

"फिरवा म्हंजे जाईल म्हणतोय! उद्या माझ्या गुळाच्या ढेपंला बुरशी आली, तर मी गिऱ्हाइकाला म्हणू व्हय, खावा, खाता खाता जाईल?"

"मालक, खरं असंल की. एक फेरी मारून बघतो," कृष्णात म्हणाला.

"दसऱ्याआधी चाक हलायचं न्हाय," आक्का आतून म्हणाल्या. "आणि एवढा आरडाओरडा कशाला? आज मीरासाब यायचाच हाय. त्येच्या हातात दे. गंज त्येला बघूनच पळतोय."

मीरासाब आला तो नेहमीसारखा, खांद्यावर पिशवी, हातात तेलाची वाटी. कृष्णातने जॅक लावून चाकं काढून ठेवली होती. भाकरीच्या तव्यासारखी ती ताटली मीरासाबाने बघितली, बोट फिरवलं, बोट गणपतरावांच्या नाकासमोर धरलं आणि त्याचा पट्टा सुरू झाला.

"ह्ये बघा मालक! नवी गाडी म्हणं! आमच्या बोळातली तानाबाई भाकरीचा तवा बरा ठेवतीया ह्येच्यापरास. कारखान्यात एवढी माणसं, एवढी यंत्रं, आणि एकाचा पण हात तेलाकडं वळला न्हाय? हात मोडलं होतं काय सगळ्यांचं? रंग लावलाय बघा कसा चकाचक. वरनं लाली आणि आतनं ह्ये!"

"त्येच म्हणतोय मी चाचा!" गणपतरावांना हक्काचा भिडू मिळाला. मग ते दोघं मिळून सरकारला, कारखान्याला आणि पुणेकरांना बराच वेळ बोलत राहिले. जन्मात मोटारीत न बसलेला एक, आणि जन्मात चाक न खोललेला दुसरा. दोघांचं अगदी एकमत झालं.

गणपतरावांनी कृष्णातला झेंडूच्या माळा आणायला पिटाळलं आणि मीरासाब कामाला बसला. आधी चिंच, मग विटेची पूड, मग कुरुंद. ताटलीच्या एका बाजूला लोखंडाचा जबडा तिला धरून बसला होता, तिथे बोट जात नव्हतं. पण मीरासाब हळूहळू ताटली फिरवत आणि घासत गेला. दुपार कलायच्या आत दोन्ही ताटल्यांत तोंड दिसायला लागलं. गणपतरावांनी खरोखरच वाकून मिशा बघितल्या. ते घरात गेले, आणि मीरासाबाने चिंधी तेलात बुडवली, पिळली, आणि दोन्ही अंगांनी ताटल्यांवर फिरवली. डोळ्याला दिसणार नाही इतकीच. कृष्णात माळा घेऊन आला तेव्हा ताटल्या लखलखत होत्या. त्याने चाकं बसवून टाकली.

"आता वर्साची काळजी न्हाय," मीरासाब म्हणाला आणि शिधा पदरात घेऊन घरी गेला.

दसऱ्याला सकाळी गाडी निघाली ती जोतिबाच्या डोंगराला. नवी गाडी आधी जोतिबाच्या पायाशी न्यायची, ही इकडची रीत. पुढे कृष्णात आणि गणपतराव, मागे आक्का नारळांच्या पिशवीसकट. गावाबाहेर पडताना कृष्णातने ब्रेक दाबला आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"मालक, ब्रेक जरा घसरल्यागत वाटतोय."

"सणाच्या दिवशी भलतं बोलू नगंस. नवी गाडी हाय. तुला ट्रकाची सवय."

डोंगर चढायला ब्रेक लागत नाही. दर्शन झालं, गाडीच्या कपाळाला गुलाल लागला. उतरताना मात्र वळणावर समोरून यात्रेकरूंनी भरलेला टेम्पो आला, कृष्णातने ब्रेक दाबला, आणि गाडी जिथे थांबायला हवी तिथे थांबली नाही. तिची गती कमी झाली, पण ती घसरतच राहिली. समोर टेम्पो, एका हाताला दरी. कृष्णातने गिअर खाली ओढला, हँडब्रेक खेचला आणि गाडी डोंगराच्या अंगाला टाकलेल्या खडीच्या ढिगात घातली. नाक चेपलं. गणपतरावांच्या कपाळाला टेंगूळ आलं. आक्कांचा उजवा हात मनगटात मोडला.

आता सांगा, दरी सोडून गाडी डोंगराला लावली म्हणून या माणसाच्या गळ्यात झेंडूची माळ घालायची की नाही? गणपतरावांनी तिथल्या तिथे त्याच्या कानाखाली आवाज काढला. घरी आल्यावर त्याला कामावरून काढलं आणि अडतीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला लागले की ट्रकवाल्याने मिजाशीत गाडी पळवली आणि वर ब्रेकचं नाव सांगतोय. दुसरीकडे कुणी कामाला ठेवू नये याचीही सोय त्यांनी अशी करून टाकली.

ही बातमी मीरासाबाला चहाच्या हॉटेलात कळली. त्याने ग्लास आपटला.

"मी ताटल्या आरशागत करून दिल्या, आणि ह्यो गडी गाडी खडीत घालतोय! अरं, आक्कांचा हात मोडला! असल्यास्नी बैलगाडी पण देऊ ने हाकायला!"

सगळ्यांनी माना हलवल्या. मीरासाबाचा शब्द त्या हॉटेलात चालायचा, आणि तो शब्द कृष्णातच्या विरुद्ध पडला.

त्यानंतर एका सकाळी गैबी मिस्त्री पत्रा कापायची कात्री धारेला घेऊन आला. गैबीचं गॅरेज होतं आणि इंगवल्यांची गाडी त्याच्याकडेच दुरुस्तीला पडली होती. मीरासाब चाक फिरवत होता, ठिणग्या उडत होत्या, आणि गैबी उभ्याउभ्या सांगत होता.

"चाचा, त्या गाडीच्या ब्रेकला कुणी हरामखोरानं तेल लावलंय. खोललं तर जळक्या तेलाचा वास. गुटके तेल पिऊन काळं झाल्यात."

"कसलं गुटके?"

"अवो, ती ताटली न्हाय का? तिला दोन अंगानं दोन गुटके चिमट्यागत धरत्यात. धरलं की चाक थांबतंय. तिला तेल लागलं की धरणार काय, कप्पाळ? पायानं दाबून दाबून मेला असंल बिचारा कृष्णात."

मीरासाबाचा पाय चाकावरून उतरला. चाक थोडा वेळ आपलं आपण फिरलं आणि थांबलं.

"मालकाला सांगितलास?"

"सांगितलं की. ऐकत न्हाय. म्हणतोय, मीरासाबनं आरशागत करून दिलं, मी माझ्या डोळ्यानं बघितलं, तेल कुठं होतं? तुमी गॅरेजवालं कायबी काढताय, म्हणतोय."

मीरासाबाने कात्री खाली ठेवली. मग त्याला जो राग आला तो गैबीवर. "पण तेल लावलं न्हाय तर ती गंजंल की रं!"

"गंजू दे की. दोन ब्रेक मारलं की गंज जातोय."

"गंजू दे? लोखंडाचं काम करणारा तू, आणि गंजू दे म्हणतोयास? लाज वाटती का? असलं कसलं लोखंड, ज्येला तेल चालत न्हाय? कुणी घडवलं? कुणी सांगितलं त्येला?"

गैबीला काही उमगेना. म्हातारा कशावर भांडतोय तेच त्याला कळत नव्हतं. त्याने कात्री उचलली, तेलाविनाच, आणि तो गेला. आणि मीरासाबाने त्याला तसाच जाऊ दिला. उभ्या जन्मात पहिल्यांदा त्याच्या दुकानातून उघडं लोखंड बाहेर पडलं.

दुपारी तो घरी जेवायला बसला आणि ताटावरून उठला. कालवण खारट आहे म्हणून जुलेखावर ओरडला. ते खारट नव्हतं. जुलेखाने त्याच्याबरोबर इतका संसार केला होता की कोणती शिवी कुणाला आहे हे तिला कळायचं. ती भांडी आवरताना सहज म्हणाली, "नळावर कृष्णातची बायकू भेटली. काल आलीया गावाकडनं. नवऱ्याला न्यायला. त्यो म्हणं दोन दिस झालं भिताडाकडं तोंड करून पडलाय. तीच म्हणाली, शिकलगार चाचा पण बोलले म्हणं, बैलगाडी देऊ ने ह्याला."

"कोण म्हणालं बैलगाडी?"

"तुमी," जुलेखा म्हणाली. "हॉटेलात."

चोर सोडून संन्याशाला फाशी, असं म्हणतात. पण चोराला आपण चोर आहोत हेच ठाऊक नसेल आणि संन्याशाच्या फाशीचा दोर तोच ओढत असेल, तर त्याला काय म्हणायचं? मीरासाबाला स्वतःचा असा संताप आला, की दाराची बिजागरी, जन्मभर तोंडात बसलेल्या शिव्या, बापाचा शब्द, कशाकशावर तो काढावा हे कळेना. बापावर तर त्याचा विशेष राग होता. सांगताना पुरतं सांगायला काय झालं होतं? खरं बोलायचं म्हणजे इंगवल्यांचं दार सुटलं, आणि त्या दारामागून पेठेतली बाकीची दारं. शिकलगाराच्या तेलाने माणसं मरता मरता वाचली, हे एकदा पसरलं की खंडेनवमीला त्याला कोण बोलावणार? हे सगळं त्याला कळत होतं. त्याने टोपी घातली, तेलाची वाटी उचलली आणि निघाला.

इंगवल्यांच्या अंगणात माणसं बसली होती. आक्का हात प्लास्टरमध्ये घालून सोप्यात टेकून होत्या. कृष्णात राहिलेलं सामान न्यायला आला होता आणि गणपतराव चार माणसांसमोर त्याला पुन्हा एकदा धुवत होते. मीरासाब दारातूनच ओरडला.

"त्येला काय बोलायचं न्हाय! तेल मी लावलं!"

मीरासाब अंगणाच्या मधोमध आला. "त्या ताटलीला तेल चालत न्हाय म्हणं. मला काय ठावं? मी लावलं. दोन्ही अंगानं. आक्कांचा हात मी मोडला. ह्येनं न्हाय."

माफी मागायला आलेला माणूस असा भांडल्यासारखा बोलत नाही, पण मीरासाबाला दुसरं बोलणं येतच नव्हतं. आणि पुढे झालं ते त्याने स्वप्नातही धरलं नव्हतं. गणपतराव हसले.

"चाचा, तुमचं काळीज मोठं हाय. गरिबाची दया आली म्हणून पदरचं घेऊन बोलताय. पण तुमच्या तेलानं कुणाचं कधी वाईट झालंय? आणि मी काय आंधळा हाय? ताटली कोरडी ठणठणीत होती. तेलाचा ठिपूस न्हवता."

"ते दिसतच न्हाय! दिसलं म्हंजे वाया गेलं!"

"न दिसणाऱ्या तेलानं कुठं गाडी घसरती व्हय?" गणपतराव बसलेल्यांकडे वळले. लोक हसले. म्हातारा भला आहे, असं कुणीतरी म्हणालंही.

जन्मभर कमावलेलं नाव असं आडवं आलं. खरं बोलतोय आणि कुणी खरं मानेना! उलट, वर कौतुक! मीरासाबाच्या अंगाचा भडका उडाला. अडतीवरच्या दिवाणजीची सायकल भिंतीला टेकून होती. त्याने ती ओढली, चिंधी वाटीत बुडवली, पिळली, आणि सायकलच्या दोन्ही रिमांवरून हात फिरवला. मग ती गणपतरावांसमोर धरली.

"दिसतंय तेल?"

"न्हाय."

"बोट लावू नगा. डोळ्यानं बघा. दिसतंय?"

"न्हाय म्हणतोय की. चाचा, काय चालवलंय ह्ये?"

इंगवल्यांच्या दारासमोरचा रस्ता पंचगंगेकडे उतरत जातो, आणि उताराच्या शेवटी वळणावर जनावरांना पाणी पाजायचा दगडी हौद होता. मीरासाबाने सायकल बाहेर काढली. साठीच्या पुढचा माणूस, पायजम्याचा घोळ चेनीत जाईल म्हणून त्याने तो मोज्यात खोचला. सगळ्यांत आधी कृष्णातच्या ध्यानात आलं. तो "चाचा, नगा!" म्हणून धावला, पण तोवर मीरासाब बसला होता.

"ब्रेक दाबलाय! बघा सगळ्यांनी! दोन्ही ब्रेक दाबल्यात!" मीरासाब ओरडत उतारावरून निघाला. दोन्ही मुठींनी त्याने ब्रेक आवळले होते ते सगळ्यांना दिसत होतं, आणि सायकल थांबत नव्हती तेही दिसत होतं. बायका दारात आल्या. एक म्हैस आपणहून बाजूला झाली. वळणावर त्याने हँडल वळवायचा प्रयत्न केला की नाही हे कुणी सांगू शकलं नाही. मला विचाराल तर नसावा. सायकल हौदावर आपटली आणि मीरासाब पलीकडे चिखलात पडला.

कृष्णातनेच त्याला उचलून आणला. उजवं मनगट लोंबत होतं. मीरासाबाचा चेहरा पांढरा पडला होता, पण तोंड चालूच होतं. "दिसलं का मालक? आता दिसलं का तेल?"

गणपतरावांची नजर एकदा त्या लोंबत्या हाताकडे गेली आणि एकदा आक्कांच्या प्लास्टरकडे. बसलेली माणसं उठून उभी राहिली होती. शेवटी आक्काच बोलल्या.

"गणपत, आता तरी तुझी बॅटरी लाव. त्या पोरानं दरी सोडून डोंगर धरला म्हणून मी इथं बसलीया. त्येला सगळ्यांसमोर मारलास न्हवं? आता सगळ्यांसमोर म्हण, चुकलं."

गणपतराव पुटपुटले.

"ऐकू आलं न्हाय," मीरासाब म्हणाला.

"चुकलं म्हणतोय की!" गणपतराव ओरडले. कृष्णातने मान खाली घातली आणि टोपीने डोळे पुसले. त्याची बायको परत गावी गेली नाही.

मीरासाबाचं मनगट जुळलं, पण जरा वाकडंच. चाकावर पहिल्यासारखा जोर येईना. बोलावणी येणार नाहीत ही त्याची भीती काही पुरती खोटी नव्हती. त्याच्या तेलाचे किस्से पेठेत बरेच दिवस चालले, आणि एका छापखानेवाल्याने तर यंत्राला हात लावू दिला नाही. त्यावर मीरासाब त्याला जे बोलला ते लिहिण्यासारखं नाही. पण पुढच्या खंडेनवमीला इंगवल्यांचं बोलावणं आलं, आक्कांचं, आणि तो गेला.

अंगणात सगळं लोखंड मांडून ठेवलं होतं. विळ्या, कोयते, अडकित्ते, गुळाचे चाकू. मीरासाबाने एकेक घासलं आणि एकेकाला तेलाचा हात दिला. पलीकडे धुतलेली गाडी उभी होती. तिच्या चाकाच्या भोकातून आत पुन्हा तांबूस दिसत होतं. मीरासाबाच्या ते आल्याआल्याच नजरेला पडलं होतं. त्याने दोन-तीनदा तिकडे बघितलं, दात खाल्ले आणि कोयता घासत राहिला. शेवटी राहवेना.

"ए कृष्णात! फिरवून आण जा तिला एकदा! बघवंना झालंय मला!"

कृष्णात हसत गाडीत बसला आणि ती घेऊन गेला. नदीपर्यंत जाऊन आला. मीरासाब लांबूनच वाकला. भोकातून ताटली लखलखत होती. विटेची पूड नाही, चिंच नाही, कुणाचा हात नाही.

"सुक्काळीची!" तो म्हणाला. पण नजर काढली नाही.

आक्का सोप्यातून उठल्या. "मीरासाब, ऊन झालंय. बस गाडीत, कृष्णात घरापत्तुर सोडंल. तू कुठं बसलायस अजून हिच्यात."

कृष्णातने दार उघडून धरलं. मीरासाब दोन पावलं पुढे आला. मग थांबला, आपल्या दोन्ही तळव्यांकडे बघितलं, ते पायजम्याला पुसले, पुन्हा बघितले, आणि मागे सरला.

"नगं," तो म्हणाला. "हाताला तेल हाय माझ्या."